मठपती मॅडमच्या बशीतले कान

माशाला कान असतो का? उत्तराची घाई करू नका. लातूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मठपती मॅडम नव्या माणसाला नावाआधी हेच विचारायच्या, आणि उत्तर चुकलं की खुदकन हसायच्या. मलाही विचारलं होतं. ग्रहणाच्या भीतीविरुद्धची पत्रकं वाटत मी त्यांच्या प्रयोगशाळेत शिरले होते. पत्रक वाचून त्या म्हणाल्या, "लई ओरडतंय हे. बस. आधी बघ, मग ओरड."

बघायचं म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. खिडकीखाली पट्टेरी, बारीक माशांची टाकी होती. तिच्या तळाशी काचेच्या गोट्या. सकाळी उजेड झाला की माद्या अंडी टाकत आणि ती गोट्यांच्या फटींत घरंगळत. "गोट्या नसल्या तर आईच खाऊन टाकती," मॅडम उदगिरी ठेक्यात सांगायच्या. मग ती अंडी काचेच्या बशीत यायची, इतकी पारदर्शक की आतला जीव घडताना दिसे. कुणी पाण्यावर बोटानं लिहावं तसं ते इवलं शरीर वळत जाई. मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी काही रेणू सोडतात, ते शेजारच्या कातडीला पोचतात, आणि साध्या कातडीतून कानाची पिशवी घडू लागते. "हाक हाय ती," मॅडम पुटपुटायच्या. "तू कान हो, म्हणून." हळूहळू पिशवीत ऐकायला आणि तोल सांभाळायला लागणारे दोन बारीक खडे चमकू लागत. दुपारचं ऊन टाकीतून भिंतीवर हलायचं आणि आपणही पाण्याखालीच बसलोय असं मला वाटायचं.

माझी मावसबहीण रेखा औशाला दिलेली. तिला मुलगा झाला, पण बाळाला बाहेरून कानच नव्हते. दोन्हीकडे नुसती मुरडलेली कातडी. "पोटुशी असताना गिराणात इळीवर वांगी चिरली हिनं," असं तिची सासू गंगूबाई गल्लीभर सांगत होती. बाळासकट रेखाला मुरुडला माहेरी कायमचं धाडायचं घाटत होतं. मी पत्रकांचा गठ्ठा उचलून भांडायला निघाले, तर मॅडम आडव्या आल्या. "भांडून काय उजेड पडतोय? हिकडं घेऊन ये सगळ्यांना. कान कसा होतो ते दाखवते म्हणावं."

इथं कान उगवून देतात, अशी समजूत करून घेऊन गंगूबाई आली. रेखा मागं, बाळाला पदराखाली घेऊन.

"मावशी, माशाला कान असतो का?"

"मला खुळ्यात काढताय का बाई? माशाला कुठला आलाय कान!"

मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, पिशवी दाखवली, हाकेचं सांगितलं. गंगूबाई बराच वेळ वाकून होती. "अगं बया, काळीज उडतंय की याचं!" मग एकदम ताठ झाली. "म्हंजे आमच्या लेकराला हाक दिली न्हाई. हिच्याच पोटानं ना?"

रेखाची मान खाली गेली. मी उसळले, पण मॅडमनी हातानंच गप्प केलं.

"मावशी, याची आई त्या टाकीत हाय. बशीत हाय का? हाक पोराच्याच अंगात उठती. आईला पत्ताबी नसतो."

"मग चुकली कशानं?"

"मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. "पुष्कळदा कुणालाच कळत नाही. पण इळीचा त्यात काही संबंध न्हाई. अन् कळत नाही म्हणून हिच्या माथी मारलेलं मी इथं चालू देणार न्हाई."

त्यांनी दुसरी बशी पुढं सरकवली. तिच्यात अंड्यातून निघून पोहू लागलेली पिल्लं होती. "टेबलावर टकटक करा." गंगूबाईनं बोटाचं पेर आपटलं. पिल्लं एकदम उसळून वळली.

"बाहेर कान हाय का याला? तरी कळलं त्याला. माणसात बाहेरचा कान वेगळ्या हाकांनी घडतो, आतला वेगळ्या. तुमच्या नातवाचा आतला शाबूत असंल, नसंल. तपासा. असला तर हाडातून ऐकवायचं यंत्र मिळतं."

गंगूबाई पुन्हा पुन्हा टकटक करत राहिली. मग तिनं रेखाच्या पदराखालून बाळ ओढून घेतलं. "चल गं. कुठं तपासत्यात ते इचार. मुरुडचं मागून बघू." माफी वगैरे तिनं मागितली नाही.

बाळाचा आतला कान शाबूत निघाला. आता डोक्याला त्या यंत्राचा पट्टा बांधून ते आजीच्या शिव्या ऐकतं, आणि रेखा औशातच आहे.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. पुढल्या वर्षी कॉलेजनं त्यांना बोलावलंच नाही, कारणही दिलं नाही. त्या नांदेडच्या गाडीत बसत असताना मी म्हणाले, यावर पत्रक काढते. त्या खुदकन हसल्या. "माझं कशाला? काढायचंच तर बाळाचा कान कुठं तपासत्यात ते लिही."

तेच लिहिते आहे. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे चौकशी करा; तपासणी कुठं होते ते तिथं कळतं. तुमच्या ओळखीत असं बाळ असेल, तर ग्रहणात काय केलंस, असं त्याच्या आईला विचारू नका. याच आठवड्यात तिच्या दारी जा, बाळाला घ्या आणि तिच्यासोबत दवाखान्यात चला.