सुमनच्या ताटावरचं नाव

१९९२, फाल्गुनातला रविवार. ठिकाण परभणी, माझा टायपिंगचा वर्ग. हजर: नाववाले काका, काकू आणि मी. शिवाय वर्गातला एकुलता एक संगणक आणि भंगारातल्या प्रिंटरच्या मोटरी लावून काकांनी बनवलेलं कोरायचं यंत्र.

शहरातल्या निम्म्या स्टीलच्या भांड्यांवरची नावं काकांच्या हातची. आधी अक्षरं, शेवटी वरची रेघ, तीही एका दमात. "रेघ म्हंजे नावाचा पदर," म्हणायचे. त्याच हाताला कंप सुटला आणि वैशाखात त्यांच्या सुमनचं लग्न ठरलं. तिच्या आंदणाच्या भांड्यांना दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नव्हता, म्हणून हे यंत्र.

पावलापावलानं फिरणाऱ्या त्या मोटरी ऐकत नव्हत्या. करंट वाढवला की चटका बसण्याइतक्या तापायच्या, कमी केला की मधलीच पावलं गाळायच्या. वेग चढला की सगळं यंत्र थडथडायचं. करंट कमीजास्त करणारा सर्किटवरचा बारका स्क्रू केसभरच फिरवावा लागे, तेव्हा काकू काकांचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसत.

"सबूर. जरा डावीकडं," काका म्हणाले.

"तुमाला मी धरलंय, मोटरीला कोण धरणार?"

"तिला माझीच बिमारी लागली. बघ कशी थरथरायलीय."

काकू हसल्या, आणि तशाच तोंड फिरवून बसल्या.

मोटर चुकली तरी संगणकाला पत्ता नसे. अक्षरं कोरताना पावलं गळत आणि शेवटची रेघ अक्षरांच्या गळ्यातून जाई. ताटांमागून ताटं वाया गेली. मी म्हणालो, "काका, आधी रेघच मारून घेऊ."

"पदर आधी अन् बाई मागून? न्हाई जमत."

शेवटच्या ताटावर 'सुमन' नीट उमटलं. रेघेआधी काकांनी बटण बंद केलं. "ऱ्हाऊ द्या. हात थांबला की मीच मारतो."

हात थांबला नाही. बिननावाची भांडी चुडाव्याला, सुमनच्या सासरी गेली. टेम्पो निघाला तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. "पोरगी दिली, अन् नाव द्यायचं ऱ्हायलं," एवढंच बोलले. यंत्राला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पुढच्या पोळ्याआधी ते गेले.

ते शेवटचं ताट माझ्या कपाटात आहे. सुमन आली होती. बराच वेळ तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "रेघ मारून ठेवा दादा, मग नेते," म्हणाली.

परभणीत कोरणारे पुष्कळ आहेत. मी अजून कुणाकडे नेलेलं नाही.