थोरल्या मुलाचे पाणी

ऑस्बर्ट क्वाशी एकोणतीस वर्षे दुसऱ्यांच्या शिडाच्या नौका चालवत होता. एवढ्या वर्षांत एक विद्या त्याच्या अंगी पुरती मुरली होती : नौका भाड्याने घेणाऱ्या पाहुण्यांसमोर कप्तानाला घर नसते. म्हणून सकाळी बेक्वे बेटाहून नांगर उचलताना तो बोलला नाही, की आज आपल्या गावी, कारियाकू बेटावर, आईच्या थडग्याचा दगड बसायचा आहे.

आई जाऊन आठ वर्षे झाली होती. कोरलेला दगड तीन वर्षे बहिणीच्या ओसरीत आडवा होता. जेवणावळीची ऐपत आल्याखेरीज तो थडग्यावर चढत नाही, आणि तोवर मेलेल्याला विसावा नसतो. दगड उजेड असतानाच बसवायचा. मातीवर पहिले पाणी थोरल्याने ओतायचे.

वारा पूर्वेचा, अगदी मनासारखा. दोनपर्यंत पोहोचणे सहज शक्य होते. वाटेत प्रवाळाच्या बेटांपाशी लिंडक्विस्ट साहेब म्हणाले, "कप्तान, कासवं बघू या की! तासभर फक्त."

"बघू या, साहेब."

तासाचे तीन तास झाले. बाईसाहेब पाण्यातून निघेचनात.

"घाई नाही ना तुम्हाला?"

"घाई कसली, बाईसाहेब."

कारियाकूच्या बंदरात नांगर पडला तेव्हा पावणेपाच झाले होते. कारियाकू दुसऱ्या देशात, आणि बाहेरून आलेल्या नौकांना शिक्का देणारी परवान्यांची कचेरी चारला बंद झालेली. शिक्का मिळेपर्यंत पिवळा झेंडा वर ठेवायचा आणि नौकेवरच्या कुणीही किनाऱ्याला पाय लावायचा नाही. लावला तर कप्तानाची रोजी जाते. हा नियम करणाऱ्यांना आईचा दगड कधी बसवावा लागला नसावा.

बहिणीचा, व्हर्लिनचा, फोन आला. "दादा, तुझं शीड दिसतंय इथनं! उतर की."

"झेंडा वर आहे."

"खड्ड्यात गेला झेंडा! होडी पाठवते, कोण बघतंय?"

"आपल्या बेटावर कुणी बघत नाही, असं कधी झालंय?"

"मग त्या पाहुण्यांना सकाळीच का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

पलीकडे व्हर्लिनने कुणाला तरी थांबायला सांगितले.

"ऊन कलतंय, दादा."

"तू ओत पाणी."

"थोरला जिवंत असताना? लोक काय म्हणतील?"

"कामावर आहे म्हण."

त्याने शीड गुंडाळले, दोर बांधले, रात्रीच्या मासळीसाठी कांदा चिरायला घेतला. टेकडीवर ढोल सुरू झाले. साहेब पेला घेऊन वर आले.

"काय चाललंय हो तिकडे?"

"कुणाचं तरी जेवण असेल, साहेब."

"जाता येईल आपल्याला?"

"कचेरी उद्या आठला उघडते," ऑस्बर्ट म्हणाला आणि दुसरा कांदा घेतला.