पोस्टमनने पत्र का उघडलं नाही?

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना पोरं फुलस्टॉप म्हणायची. समोर नाही, अर्थात. समोर म्हणायची कुणाची छाती होती? कुणी कारणं सांगू लागलं की बाई हात वर करायच्या. "गृहपाठ नाही म्हणजे नाही. फुलस्टॉप." की त्या पोराचं तोंड मधल्या सुट्टीपर्यंत बंद. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. शिक्षकखोलीत आमची टेबलं शेजारी शेजारी, मधे दार धड न लागणारं एक कपाट. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणाला नाही. आणि मी काही गोडगोड बोलणारी नाही, हे आधीच सांगून टाकते.

शिकवायच्या मात्र उत्तम. धडा आधी सबंध वाचून दाखवायच्या, एकही शब्द न समजावता. भिंतीपलीकडच्या माझ्या वर्गातली पोरंसुद्धा माझं सोडून तिकडे कान लावायची. मी चिडायचे आणि मग स्वतःही ऐकत उभी राहायचे.

दहावीला इंग्रजीची लेखी ऐंशी मार्कांची आणि तोंडी वीसची. तोंडीचे मार्क शाळेनेच द्यायचे. आता हे मार्क म्हणजे खिरापत, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी माझ्या विषयात डोळे मिटून अठरा द्यायचे. पोराने "नमस्कार" म्हटलं तरी पुरे. बाई तसं करत नसत. ज्याची लायकी अकराची त्याला अकरा. मुख्याध्यापक हात जोडायचे, पालक रडायचे, बाई ढिम्म हलायच्या नाहीत.

अठरा वर्षांपूर्वीच्या दहावीच्या वर्गात एक इस्त्रीवाल्याची मुलगी होती. शाळेआधी वडिलांच्या दुकानातले कपडे घरोघर पोचवायची आणि पहिल्या तासाला धापा टाकत उशिरा यायची. मराठीत बरी होती, गणितात कशीबशी, आणि इंग्रजीत नावालाच. दहावी झाली तर एका कापडदुकानात हिशेबनीस म्हणून घेऊ, असं तिथल्या मालकाने सांगून ठेवलं होतं. नाहीतर बापाची इस्त्री होतीच. म्हणजे त्या एका निकालावर पोरीचं सगळं टांगलेलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

इंग्रजीच्या पुस्तकात एक गोष्ट होती. एक म्हातारा पोस्टमन निवृत्त होतो. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेली. एक दिवस त्याच्याच नावाचं पत्र येतं. तो ते हातात घेतो, उलटसुलट करतो, आणि न उघडता फळीवर ठेवून देतो. गोष्ट संपली. खाली प्रश्न: पोस्टमनने पत्र का उघडलं नाही? ठरलेलं उत्तर असं, की त्याला वाईट बातमीची भीती वाटली. बाई वर्षानुवर्षं हेच लिहून देत आल्या होत्या.

तोंडी परीक्षा प्रयोगशाळेत असायची, एकेकाला आत बोलावून. बाईंनी इस्त्रीवाल्याच्या मुलीला नेमका हाच प्रश्न विचारला. ती एकदम बोलायला लागली, पण मराठीत. मी दारोदार जाते, बाई, असं काहीतरी म्हणाली. तिचे शब्द मला माहीत नाहीत. बाईंनी पुढे सांगितलेला मथितार्थ तेवढा सांगते. पोस्टमनने जन्मभर लोकांना पत्र उघडताना पाहिलं होतं, आणि दर वेळी समोर तो स्वतः उभा असायचा. हसू आलं तर त्याच्याकडे बघून हसायचे, रडू आलं तर त्याच्या देखत रडायचे. पत्र असं कुणाच्या तरी समोर उघडायचं असतं, हेच त्याला माहीत. त्याच्या दारात मात्र कुणीच उभं नव्हतं.

बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "इंग्रजीत सांग." तिला ते येईना. पाच मार्क.

यादी मुख्याध्यापकांकडे गेली तेव्हा मी तिथेच होते. "हे पाच काय आहे, बाई?" त्यांनी विचारलं. "पोरगी लटकेल."

"इंग्रजीच्या परीक्षेत इंग्रजीचं एक वाक्य बोलली नाही. पाचच जास्त झाले. फुलस्टॉप."

मी हसले. खोटं कशाला बोलू? मला ते तेव्हा बाणेदार वाटलं. लेखीत पोरीला सत्तावीस पडले. सत्तावीस आणि पाच बत्तीस, आणि पास व्हायला पस्तीस लागतात. बाकी सगळ्या विषयांत पास. शाळा सुटली, कापडदुकान गेलं, ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली.

पुढच्या वर्षी मी सहामाहीचे पेपर तपासायला बाईंना मदत करत होते. पाहते तर पोस्टमनच्या प्रश्नाला पोरांनी भीतीबितीचं उत्तर लिहिलंच नव्हतं. सगळ्यांनी एकच नवीन उत्तर लिहिलं होतं, आणि ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. "कुणी सुचवलं हे?" मी विचारलं. बाई लाल पेनचं टोपण काढत-घालत बसल्या आणि मग त्यांनी मला प्रयोगशाळेतला तो प्रसंग सांगितला. तोवर ताकास तूर लागू दिली नव्हती.

"मग त्या पोरीला जाऊन सांगा ना!" मी ओरडलेच.

"काय सांगू? तुझं उत्तर सगळ्यात चांगलं होतं, म्हणून तुला पाच दिले?"

त्या वर्षापासून बाई तोंडीला सरसकट वीसपैकी अठरा देऊ लागल्या. मुख्याध्यापक खूश, पालक खूश. बैल गेला आणि झोपा केला, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते उत्तर मात्र पसरत गेलं. बाईंच्या वहीतून दुसऱ्या शाळांत, तिथून बाजारातल्या गाइडात. बोर्डाचे परीक्षक त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊ लागले. किती पोरं त्यावर पास झाली असतील, कोण मोजणार! आणि बाई वर्गात ते उत्तर फळ्यावर लिहायच्या तेव्हा वर्गाकडे पाठ करूनच उभ्या राहायच्या.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. इस्पितळात चादरी बदलायला आलेल्या बाईने मला ओळखलं. तीच. तिथल्या धुलाई विभागात बारा वर्षं आहे म्हणाली. मी शाळेत येऊन हे बाईंना सांगितलं आणि उगाच सांगितलं असं झालं, कारण त्या दिवसापासून त्या डबा न उघडताच घरी नेऊ लागल्या. निवृत्तीला दोन महिने उरले होते. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एकटीने जमणार नाही."

धुलाई विभाग तळघरात. जिना उतरतानाच वाफ तोंडावर येते आणि औषधाचा वास नाकात बसतो. चार मोठी मशिनं घरघरत होती आणि भिंतीलगतच्या लांब टेबलाशी ती दुसऱ्या एका बाईबरोबर चादरींच्या घड्या घालत होती. चार टोकं, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. पायांत रबरी बूट, हाताची कातडी पाण्याने पांढरी पडलेली. आम्हाला बघून तिने लगबगीने स्टूल पुसलं. "बाई, तुम्ही? इथे? बसा ना."

बाई बसल्या नाहीत. पाठ करून आल्यासारखं त्यांनी सगळं सांगितलं. ते उत्तर सांगायची वेळ आली तेव्हा सवयीने इंग्रजीतच सुरू झाल्या, अडखळल्या, आणि मग मराठीत कसंबसं पुरं केलं. तिच्या तोंडचं मराठी त्यांना आठवत नव्हतं. त्या बोलल्या ते पुस्तकी आणि कोरडं होतं. मी मराठी शिकवणारी, पण मलाही मधे एक शब्द सुचवता आला नाही.

"ते उत्तर तुझं होतं," बाई म्हणाल्या. "सोळा वर्षं मी तुझं उत्तर शिकवतेय."

ती नीट ऐकत होती. "छान आहे," म्हणाली. "पण माझं नाही हो ते. आमच्या वर्गात डॉक्टरांची मुलगी होती बघा, हुशार. तिचं असेल."

"तुझंच. तू माझ्यासमोर बोललीस."

"मला पाच मिळाले होते, बाई. असं उत्तर देणाऱ्याला कुणी पाच देतं होय?" तिने हसून चादर उचलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आणि बाबा आले होते ना तुमच्याकडे, पुन्हा बसवू का विचारायला? तुम्हीच म्हणालात, पाया कच्चा आहे, वर्ष वाया घालवू नका. बरं झालं सांगितलंत. माझ्या मुलीलाही मी तेच सांगते, आईसारखी ढ राहू नकोस."

बाप विचारायला आला होता हे मला तोवर माहीत नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

"मी खोटं बोलले त्यांच्याशी," बाई म्हणाल्या. "मला लाज वाटत होती. तू हुशार होतीस गं. ऐकतेस का? तू हुशार होतीस!"

शेजारची बाई घडी अर्धी ठेवून बघत राहिली. इस्त्रीवाल्याची मुलगी पुढे आली, हात साडीला पुसून तिने बाईंना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "असू द्या, बाई, असू द्या. वयाप्रमाणे होतं असं. माझ्या सासूबाईंचंही तसंच, कुणाचं काय कुणाच्या नावावर घालतात."

मग मला जिन्याशी बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "कधीपासून होतंय त्यांना असं? घरी कुणी आहे ना बघायला?"