चाचांच्या मानेवरची मेंदी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही — आणि आईला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगतो.

तुम्हाला काऊन सांगतोय? — बघा, 'का' म्हणायचं तर इकडचं 'काऊन' आलंच तोंडात. मी मूळचा सांगोल्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. रस्त्याच्या ठेकेदाराबरोबर स्वयंपाकी म्हणून गडचिरोलीला आलो आणि वर्षभरात मलेरियानं असा धरला की खाटेसकट थरथरायचो. ठेकेदाराची माणसं पुढच्या कामाला निघून गेली. मी एका शिंप्याकडं पँट शिवायला टाकली होती, ती आणायला गेलो आणि दुकानाच्या पायरीवर बसलो तो उठलोच नाही. शिंपी म्हणजे रशीदचाचा. वाकून माझ्याकडं बघत म्हणाले, "पँट तयार आहे बे, पण आत घालाले माणूस नाई उरला."

त्यांनीच दवाखान्यात नेलं. चाचीनं पेज भरवली. बरा झालो, काज-बटण शिकलो, आणि त्याच घरात राहिलो. पोलीस कॅम्पच्या वर्द्या आमच्याकडं शिवायला येतात — आता बटणं सगळी माझ्या हातची. हे मुद्दाम सांगतोय. मी कुणाशी काय केलं ते तुम्हाला नीट कळावं म्हणून.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

चाचांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, त्यासाठी मानेत उजव्या बाजूला, मोठ्या शिरेत नळी घातली. सुई फुप्फुसाला लागली नाही ना, हे बघायला एक्स-रे काढला. मग सिस्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं. धाप लागली, मान सुजली, रक्त पाझरलं तर लगेच आणायचं. थंडी वाजून ताप आला, त्यातून मशीनवर असताना आला, तर नळीत जंतू गेलेत असं समजायचं. आणि पट्टी ओली होऊ द्यायची नाही, सुटली तर घरी चिकटवायची नाही, इथं यायचं. मला आयुष्यात कुणी इतकं नीट काही शिकवलं नव्हतं. बटणं लावता लावता मी ते पुटपुटायचो. पाठ केलं होतं.

म्हणजे 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोयच नाही.

ईद आली. चाचांना दाढीला मेंदी हवी. चाची नको म्हणत होती, तर म्हणाले, "मशीनवर पडून राह्यतो, म्हणून का भुतासारखं दिसू?" मेंदी मी लावली, आणि धुतलीही मीच. मानेला प्लास्टिक गुंडाळलं होतं, हात जपून चालत होता — पण चाचा मध्येच एका इन्स्पेक्टरच्या पोटाची गोष्ट सांगायला लागले. दर सहा महिन्यांनी माप वाढतं, आणि साहेब म्हणतात कापड आटलं! मी हसलो. हसताना लोटा कलला. लाल पाणी प्लास्टिकच्या आत गेलं, पट्टीचा कोपरा सुटला.

साबणामुळं चाचांचे डोळे मिटलेले.

"दत्तू, पट्टीले पाणी नाई ना लागलं?"

"थेंबही नाही, चाचा."

दवाखाना किती लांब होता? चालत गेलो असतो तरी चहा निवायच्या आत पोचलो असतो. सिस्टर रागावली असती. बस्स, एवढंच. पण मला वाटलं — या घरानं मला उचलून आणलं आणि मला साधी एक मान सांभाळता येईना? मग घरातून काढून टाकलं तर? कोण काढणार होतं, सांगा. मी गमछ्यानं कोपरा टिपला, दाबला, वरून चिकटपट्टी लावली. इतकी सफाईनं लावली की ओळखू येऊ नये. उसवलेलं दिसू न देणं, हाच तर आमचा धंदा.

ईद छान झाली. शिरखुर्मा मी दोनदा घेतला. तेही सांगून टाकतो.

पुढच्या डायलिसिसला मशीन सुरू झालं आणि थोड्या वेळात चाचा कुडकुडायला लागले. दोन घोंगड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मला पाहताक्षणी कळलं. पाठच होतं ना!

सिस्टरनं विचारलं, पट्टी ओली झाली होती का? मी नाही म्हणालो. घरी ताप होता का? — आणि इथं मी जे केलं ते नुसतं भिणं नव्हे. ताप अजिबात नव्हता. मी म्हणालो, कालपासून आहे, मला यायचा तसाच, हुबेहूब मलेरिया. चाची बाहेर बाकावर होती; आणि चाचांचा स्वतःच्या अंगापेक्षा माझ्यावर भरवसा, त्या थंडीतही म्हणाले, "याले विचारा सिस्टर, हा मलेरियातला मास्टर आहे."

आमच्याकडं थंडी-ताप म्हणजे आधी मलेरियाच. बोटातून रक्त घेतलं, त्यात काही निघालं नाही. माझं ते 'कालपासून' नसतं तर डॉक्टरांनी सगळ्यात आधी नळी बघितली असती. पण मलेरिया कधी कधी पहिल्या तपासणीत दिसत नाही, उद्या पुन्हा बघू म्हणाले, आणि तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

चाची घरी पोचली ती तडक नगरपरिषदेत. घरामागच्या नालीचे मच्छर माझ्या माणसाले खाऊन राह्यले, म्हणून तिनं असा दंगा केला की संध्याकाळच्या आत धुराचं मशीन आलं. चाचांच्या मानेतल्या जंतूंपायी अख्ख्या गल्लीत फवारणी झाली. शेजारी अजून चाचीला दुवा देतात.

दुसऱ्या सकाळी मी चाचांना म्हणालो, इन्स्पेक्टरसाहेब आलेत, माप घ्या. चाचांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. पोटावर एक शब्द नाही. तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पट्टीचा कोपरा उचलला — खाली पू.

ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ताभर ठरवत होतो, आता सगळं सांगायचं. आणि दवाखान्यात पोचल्यावर काय म्हणालो? "सिस्टर, मला वाटतं नळीचं असेल." मला वाटतं!

नळी काढली. सलाईनमधून औषधं चालू झाली. दोन दिवस चाचांनी कुणाला शिवी दिली नाही आणि चाची भिंतीकडं तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून वॉर्डबॉयच्या शर्टाची शिलाई वाकडी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा चाची रडली. मग डाव्या बाजूला नवी नळी. पुन्हा मानेत सुई, पुन्हा एक्स-रे, पुन्हा "धाप लागते का चाचा?"

उजवीकडची जागा पुसताना सिस्टरला लाल डाग दिसला. स्पिरिटनं घासला, निघेना. ती म्हणाली, बीटाडीनचा असेल. दाढी आणि मान एकाच रंगाची — तरी कुणाच्या मनात आलं नाही. मग तिनं चाचांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, पट्टी बदलताना माझ्याच हातून काही राहिलं असेल, माफ करा. वर मला म्हणाली, तुम्ही ओळखलंत म्हणून वाचले.

चाचा म्हणाले, "जाऊ दे बेटी. तू काही मुद्दाम केलं का?"

मी तिथंच उभा होतो. हातात चहा होता. प्यालो.

आता चाचांचं डायलिसिस हातातून होतं, मान मोकळी आहे. तब्येत अशी की पोलिसांना दटावून मापं घेतात. दुकानात येईल त्याला सांगतात — या पोट्ट्यानं ओळखलं, सिस्टरच्या आधी ओळखलं. मी मान खाली घालून बटण लावत असतो. लोकांना वाटतं, लाजतोय.

दर ईदला मेंदी मीच लावतो. मानेवर दोन व्रण आहेत. डावा आजाराचा. उजवा आजाराचा होता, तो मी माझा करून ठेवलाय. धुताना चाचा डोळे मिटतात आणि दर वर्षी तीच चेष्टा करतात, "दत्तू, पट्टीले पाणी नाई ना लागलं?"

चाची आतून हसते. मी लोटा जपून धरतो.

"थेंबही नाही, चाचा."