सुभाषची दोन बोटं

शेणव्याहून वहिनींचा, माझ्या दोस्ताच्या, सुभाषच्या बायकोचा फोन आला, तेव्हा मी धसईच्या बाजारात वांगी निवडत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. महिना होत आला. हातातलं वांगं कुठे ठेवलं, ते अजून आठवत नाही...

सुभाषचं शहापुरात मोटारसायकलींचं गॅरेज, पण जीव सगळा डोंगरउतारावरच्या सायकलीत. आम्ही दोघांनी मिळून एक जुनी घेतली होती, पुढचा फोर्क वीतभर दबणारा, स्प्रिंगऐवजी आत भरलेल्या हवेवर चालणारा. चाळिशी उलटलेले दोन बाप्ये असले उद्योग करतात म्हणून गाव हसायचं. आमचं वजन सारखं, त्यामुळे एकाच हवेत दोघांचं भागायचं. फोर्कमधली हवा ठरवायची सुभाषची रीत मात्र कडक. हेल्मेट, पॅड, पाण्याची बाटली, सगळं चढवून पॅडलवर उभं राहायचं, दुसऱ्याने सायकल धरायची. फोर्कच्या नळीवरचं रबरी कडं आधी तळाशी सरकवायचं आणि उतरल्यावर ते किती वर गेलं, ते बघायचं. पट्टी असूनही हा बोटंच लावायचा. "दोन बोटं बसला पायजे. कमी बसला तर हात भरून येतील, जास्त बसला तर तोंडावर पडशील." एकदा मी पॅड न घालता उभा राहिलो, तर म्हणाला, "उतरताना काय पॅड घरी ठेवणार हायेस?" आणि सगळं पुन्हा करायला लावलं. असा छळवादी माणूस!

मग त्याला पोटाचं दुखणं निघालं. बरा झालो की एकदा उतार मारायचाच, हा त्याचा हट्ट. दर रविवारी अंगणात सायकल काढून तो पॅड चढवायचा. एका रविवारी कडं जेमतेम दीड बोट सरकलं. "सील धरलाय वाटतं," म्हणत त्याने तेल सोडलं. पुढच्या रविवारी एकच बोट. सील कसला, त्याचं वजनच उतरत चाललं होतं. त्याचा चेहरा मला बघवेना. त्यानंतरच्या खेपेला तो पॅड बांधत असताना मी गुपचूप फोर्कमधली थोडी हवा सोडली. कडं बरोबर दोन बोटांवर! "बघ, तेलाने सुटला," तो खूश. मग दर रविवारी मी तेच करत गेलो. या लबाडीची मला अजिबात लाज वाटत नाही.

शेवटच्या रविवारी मी आणि वहिनींनी त्याला धरूनच उभं केलं. दोन बोटं. तो कड्याकडे बघत राहिला.

"किती सोडलीस रे?"

मी त्याच्या पॅडचा पट्टा सोडवायला लागलो.

"गॅरेजवाला हाय मी. मला कळत नाय काय? तुला बरं वाटत व्हतं, म्हणून बोललो नाय."

मला रडू आवरेना, आणि तोच माझी पाठ थोपटत राहिला.

सायकल आता माझ्या पडवीत आहे. एवढ्या हवेत माझं वजन पेलणार नाही, उतारावर नेली तर पडेन. पंप काढून ठेवलाय. हवा भरायला तर हवीच, नाहीतर तो वरून शिव्या घालेल. पण आत आहे ती हवा शेवटी सुभाषला जेवढी लागत होती तेवढीच आहे... झडपेचं टोपण उघडायला अजून माझा हात होत नाही.