बाकाखालचा धडा

दुर्वानं उत्तर घोकून ठेवलं होतं. "मुलं म्हणजे उद्याचं भविष्य," वगैरे. खोटं नव्हतं, पण शिळं होतं. खमरियाजवळच्या त्या छोट्या शाळेत मुख्याध्यापिका शर्मिला मॅडमनी "टीचर ही क्यों बनना है?" विचारलं, तेव्हा तिनं ते धाडधाड म्हणून टाकलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चलिए, पढ़ाकर दिखाइए."

झालं! दोन शाळांनी आधीच नकार दिला होता. तिचे बाबा, बाळाजी, तिथल्याच तोफगोळ्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी सकाळीच बजावलं होतं, "ही शेवटची शाळा, बापा. नाही जमलं तर चुपचाप बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा." आणि आता ते फाटकाबाहेर स्कूटरवर बसून होते.

पहिलीच्या वर्गात ती बेरीज शिकवू लागली. मुलं बोलत होती, हाताला हात जोडून बोटं मोजत होती. बरं चाललं होतं. एकाएकी मॅडमनी मागून खूण केली. दुसऱ्या रांगेतली एक जागा रिकामी होती.

तिथं बसणारी समिधा बाकाखाली गेली होती, कानांवर हात दाबून. तिच्या वडिलांची पुण्याहून इथं बदली होऊन आठवडाच झालेला. कारखान्याकडून तोफगोळ्याच्या चाचणीचा धडाका झाला होता, खिडक्या थरथरल्या होत्या, आणि दुर्वा शिकवतच राहिली होती. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. पाळण्यापासूनची सवय ती.

आता गेली नोकरी, असं तिच्या मनात आलं. पण पोरगी थरथरत होती, तेव्हा नोकरीचं नंतर पाहू. कडक इस्त्रीच्या साडीसकट ती बाकाखाली शिरली.

"काहून लपली गं?"

"बॉम्ब पडला."

"पडला नाही. दूर मैदानात फोडून पाहून राहिले, बरोबर बनला का नाही ते. इकडे येत नाही तो." मग तिथूनच तिनं वर्गाला हाक दिली, "बच्चों, घर पे धमाका होता है तो तुम लोग क्या बोलते हो?"

वर्गाला हेच हवं होतं. "हाथी को छींक आई!" "हमारे यहाँ बोलते हैं, दादाजी ने डकार ली!"

"आमच्या घरी म्हणत, आजीच्या हातून कढई पडली," दुर्वा म्हणाली.

समिधानं एका कानावरचा हात काढला. तेवढ्यात दुसरा धडाका झाला. तिनं दुर्वाचा पदर घट्ट धरला, डोळे मिटले आणि बारीक आवाजात म्हणाली, "आजोबांनी ढेकर दिला." मग स्वतःच फिदीफिदी हसली. पदर सोडला. बेरीज मात्र तशीच राहिली.

ऑफिसात दुर्वा म्हणाली, "मॅडम, पहला धमाका मुझे सुनाई ही नहीं दिया. गलती हुई."

"मुझे भी नहीं दिया," मॅडम म्हणाल्या. "मैंने तो खाली जगह देखी. अब बताइए, टीचर क्यों बनना है? रटा हुआ मत सुनाइए."

"उसने पल्लू छोड़ा ना," दुर्वा म्हणाली, "तब जो लगा, वो बैंक में नहीं लगेगा."

मॅडमनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "सोमवार से आइए. साड़ी सूती पहनिए, रोज नीचे बैठना पड़ेगा."

दुर्वा जवळजवळ पळतच फाटकाबाहेर आली.

"साडीचं काय करून आली हे?" बाळाजी ओरडले.

"लागली, बाबा. सोमवारपासून."

बाळाजींनी हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं. "चलो, सुटलो. मलाच त्या क्लासवाल्याचं तोंड पाहवत नव्हतं."

"मग सकाळी काहून तसं बोलले?"

"बाप आहे मी. बोलावं लागते."

कारखान्याकडून पुन्हा धडाका झाला. बाळाजी स्कूटरला किक मारण्यात गुंतले होते, त्यांना पत्ताच नव्हता. दुर्वानं मात्र मान वळवून वर्गाच्या खिडकीकडे पाहिलं. आत हसण्याचा गलका उठला, तेव्हा ती स्कूटरवर मागं बसली.