न थांबणारी सायकल

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. सातवीतूनच शाळा सुटली, भारी शब्द मला येत नाहीत. पण आम्ही पाण्याच्या टँकरच्या चिठ्ठ्या नेणारे चार जण जमलो की एकातून एक किस्से निघतात आणि चहा गार होतो. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ होता, तेव्हाचे हे. माझी वस्ती माळावर. तिथली पाणी मागायची चिठ्ठी सकाळी दहाच्या आत खाली तहसील कचेरीत पोचली तर टँकर. नाहीतर त्या दिवशी घागरी कोरड्या.

*

सायकलचं फ्रीव्हील बिघडलं. मी मेकॅनिक महेबूबचाचांना म्हणालो, "पायडल नुसतंच फिरून राहिलंय. मोकळं फिरू देऊ नका."

चाचांनी फ्रीव्हील वेल्डिंग करून पक्कं केलं! आता चाक फिरलं की पायडल फिरणारच. उताराला पाय थांबवायची सोय नाही.

"चाचा, हे काय?"

"तूच बोल्ला ना, मोकळं नको म्हणून!"

नवीन फ्रीव्हील उदगीरहून यायचं होतं. ते काही लवकर आलं नाही.

*

आमच्यातले बाबाराव सगळ्यांत जुने. चढाला धापा टाकत मी म्हणालो, "काका, नव्या जिल्ह्यात तरी चढ कमी होईल का?"

"बदली जिल्ह्याची झाली. डोंगराची ऑर्डर आली न्हाई!"

*

उताराला माझे पाय गरागरा फिरताना बघून एक आजी ओरडली, "लेकरा, उताराला बी पायडल? कुनी मागं लागलंय का?"

लाजेनं मी जाता जाता म्हणालो, "हाव, लागलंय!"

आजी काठी उचलून मागच्याला अडवायला रस्त्यात उभी राहिली.

*

कचेरीत चिठ्ठ्यांवर सही करणाऱ्या बिराजदार साहेबांनी एकदा सायकल चालवून बघितली. सवयीनं पाय थांबवले. सायकलनं त्यांना सरळ तुरीच्या वाळल्या शेतात टाकलं.

साहेब धूळ झटकत म्हणाले, "सायकल शासकीय नाही ना? मग रिपोर्ट नको!"

*

एकदा वस्तीवर दोन दिवस थेंब नव्हता. मी चिठ्ठी घेऊन निघालो आणि मोठ्या उतारावर ब्रेकचं रबर निसटलं. समोरून टँकर येत होता, दुसऱ्या गावाला निघालेला. ड्रायव्हरशेजारी साहेब. मी चिठ्ठी हलवत ओरडलो, "थांबा! थांबा!"

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आधी तू थांब!"

मी गेलो पुढं. त्यानं टँकर वळवून आणला, तेव्हा मी पुढच्या चढावर कसाबसा थांबलो होतो. साहेबांनी बॉनेटवरच सही केली. "आधी याची वस्ती, मग ते गाव."

दुपारच्या आत सगळ्या घागरी भरल्या. आईनं पहिला तांब्या माझ्या हातात दिला. मी तो उभ्याउभ्याच संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तासभर आधी निघालो आणि सायकल हातात धरून अख्खा उतार पायी उतरलो.